निर्मनुष्य पठार

संशय हा काही माझा स्वभाव नाही, ती माझी नोकरी आहे. तेवीस वर्षं मी एका भूगोलाच्या मासिकात तपासनीस आहे. लेखकाने लिहिलं की अमुक नदी पूर्वेला वळते, की मी विचारायचं, कशावरून? फोटोखाली लिहिलेलं असलं की हा म्हातारा मेंढपाळ आहे, की मी विचारायचं, मग मेंढ्या कुठे आहेत? ही सवय घरीही सुटत नाही. नवरा म्हणतो, "दूध आलं असं सांगितलं तरी ही पातेल्यात डोकावून बघते." बघते, कारण एकदा नव्हतं आलं.

मासिकही साधंसुधं नव्हे. सत्तर वर्षं चाललंय. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत, शाळेच्या कपाटात, वकिलाच्या टेबलावर, जिथे माणसाला बसून वाट पाहावी लागते तिथे ते असतंच. लोक वर्तमानपत्रं रद्दीत घालतात, आमचे अंक घालत नाहीत. माळ्यावर नीट रचून ठेवतात आणि पुन्हा कधी उघडत नाहीत.

आणि सगळ्यांनाच वाटतं की आम्ही त्यांच्यावर अन्याय करतो. किनाऱ्यावरचे वाचक लिहितात, तुम्ही डोंगराचे लाड करता. डोंगरातले लिहितात, तुम्हाला समुद्रापलीकडे काही दिसतच नाही. एका निवृत्त इंजिनिअरने वीस वर्षांचे अंक घेऊन आपल्या जिल्ह्याला मिळालेली जागा फूटपट्टीने मोजली आणि आलेख काढून पाठवला. या पत्रांना उत्तर देण्याचं काम माझ्याकडेच होतं. 'आपल्या भावनांची नोंद घेतली आहे.' नोंद कुठे घेतली, हे कुणी विचारत नसे, आणि घरी जेवताना मी ती पत्रं सांगून सगळ्यांना हसवत असे.

त्या सकाळी माझी धाकटी बहीण न कळवता दारात उभी राहिली. ती लग्न करून पठारावर गेली, तिथल्याच शाळेत शिकवते. खाली यायचं म्हणजे आधी जीपने घाट उतरायचा, मग दोन बस. त्यामुळे ती आली की चार दिवस राहायची. या वेळी तिने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कागद ठेवला.

"वाच," ती म्हणाली.

आरोग्य केंद्रांच्या समितीकडून परत आलेला अर्ज होता. पठारावरच्या सात गावांसाठी एक छोटं केंद्र, एक नर्स आणि एक गाडी, एवढीच मागणी. खाली शेरा होता: 'सदर भागात कायम लोकवस्ती आढळून येत नाही. सबब अर्ज निकाली.' आणि टाचणीने जोडलेली एका नकाशाची झेरॉक्स. तो नकाशा कुणाचा हे कळायला मला चष्मा लागला नाही. अक्षरांचं वळण आमचं होतं, कोपऱ्यात चिन्ह आमचं होतं. आणि पठार होतं तिथे नुसती करडी छटा होती. एक नाव नाही, एक ठिपका नाही.

"सरकारकडे स्वतःचा नकाशा नाही का?"

"आहे. मागवायला तीन महिने लागतात. तुमचा भिंतीवरच टांगलाय. तिथला कारकून म्हणाला, सत्तर वर्षांचं मासिक आहे, ते काय खोटं छापेल?"

"आणि जनगणना?"

"आम्हाला घाटाखालच्या गावात धरतात. कागदावर आम्ही सगळे खालीच राहतो."

हा तिचा तिसरा अर्ज. पहिला एकवीस वर्षांपूर्वीचा. तिचं पहिलं मूल घाट उतरताना जीपमध्येच गेलं, त्यानंतर तिने तो लिहिला होता. त्याला उत्तरच आलं नाही. दुसऱ्यालाही आलं नाही. आता तिच्या मुलीला सातवा महिना होता आणि मुलगी बाळंतपणासाठी आईकडे येऊन राहिली होती. केंद्र मंजूर झालं तर इमारत व्हायची तेव्हा होईल, पण नर्स आणि गाडी पहिल्या महिन्यापासून मिळणार होती. फेरअर्जाला तीस दिवसांची मुदत, आणि त्यातले अकरा पोस्टानेच खाल्ले होते.

"ताई, खरं सांग. हे मुद्दाम केलंय ना तुमच्या लोकांनी?"

"काहीतरीच काय! मासिकाचं तुमच्याशी काय वाकडं?"

"ते मला काय विचारतेस? चाळीस वर्षं तुमची माणसं आमच्याकडे येतात. पक्ष्यांचे फोटो काढतात, फुलांचे काढतात, ढगांचे काढतात. मागच्या वेळचा फोटोवाला माझ्या शाळेतल्या पोरांना म्हणाला, बाळांनो, जरा बाजूला व्हा, मागचा कडा दिसत नाही. पोरं शहाण्यासारखी बाजूला झाली. अंक आला तर फोटोखाली काय? निर्मनुष्य पठार."

मला मासिकाच्या वतीने राग आला. कुणी आपल्या आईला नावं ठेवावीत तसा आला. "प्रत्येकालाच वाटतं गं आपल्यावर अन्याय होतोय म्हणून," मी बोलून गेले. "आठवड्याला अशी चार पत्रं येतात मला."

"मग मलाही पाठव ते तुझं ठरलेलं वाक्य," धाकटी म्हणाली आणि चहा न घेताच निघून गेली.

ती गेली आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या दिवशी मी ऑफिसच्या ग्रंथालयात बसून चाळीस वर्षांचे अंक काढले. पठारावर अकरा लेख. सात पक्ष्यांवर, तीन फुलांवर, एक दगडांवर. माणसांवर एकही नाही. 'निर्मनुष्य' हा शब्द मात्र नऊ वेळा. शेवटच्या लेखाचं हस्तलिखित कपाटात सापडलं. लेखकाने 'विरळ वस्तीचे' असं लिहिलं होतं. ते निळ्या शाईने खोडून वर 'निर्मनुष्य' केलं होतं. आमच्याकडे निळी शाई एकच माणूस वापरतो, संपादक.

मग मला जाहिरात दिसली. एका आलिशान विश्रामगृहाची, मागच्या मुखपृष्ठावर, गेली नऊ वर्षं. तोच कडा, तेच ढग, आणि खाली ओळ: 'जिथे कुणीच नाही, तिथे या.' नऊ वर्षं म्हणजे आमचा तो नकाशा निघाला त्याच वर्षापासून. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं, ते कुठे ते आता दिसलं असं मला वाटलं.

संपादकांबद्दल तसाही माझ्या मनात किंतू होता. माणूस बोलायचाच नाही. काहीही विचारा, "हं" म्हणून खिडकीबाहेर बघायचा. फोन स्वतः घ्यायचा नाही, बाहेरच्या टेबलावर द्यायचा. न ठोठावता कुणी आत गेलं की काहीतरी झटकन खणात सरकवायचा. ऑफिसात त्यावर पैजा लागत. कुणी म्हणे बाटली, कुणी म्हणे पत्रं. मी आता वेगळाच अर्थ लावला. चोराच्या मनात चांदणं! चार दिवस मी त्यांच्यावर पाळत ठेवली. तेही माझ्याकडे बघत होते, असं मला वाटत होतं. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत, पण बघत होते.

सोमवारी त्यांच्या खोलीत आठवड्याची बैठक होती. सगळे बसल्यावर मी अकरा अंक, ते हस्तलिखित, जाहिरातीचं पान आणि धाकटीचा परत आलेला अर्ज एकाखाली एक मांडले. माझा आवाज चढला होता. मी म्हणाले, "हे पठार आपण विकलंय. तिथली माणसं पुसून जागा रिकामी करून दिलीय. ती कुणी करून दिली, तेही मला माहीत आहे."

संपादक माझ्या ओठांकडे बघत होते.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. "जरा सावकाश."

मला ती धमकी वाटली. तेवढ्यात त्यांनी तो खण उघडला, त्यातून कानाचं छोटं यंत्र काढलं आणि सगळ्यांसमोर कानात बसवलं. "आता सांगा," ते म्हणाले. "डाव्या कानाने मला तीन वर्षं काही ऐकू येत नाही, उजव्याने अर्धंमुर्धं. कुणाला कळू नये असं वाटायचं."

मी पुन्हा सांगितलं, पण आधीच्या निम्म्या आवाजात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"निर्मनुष्य हा शब्द माझा," ते म्हणाले. "छापल्यावर बरा दिसतो म्हणून घातला. तिथे कोण राहतं याचा विचार केला नाही. ती चूक माझ्या नावावर लिहा. जाहिरात कुठली येते ते मला अंक छापायला जाताना कळतं, तुम्हाला पटत नसेल तर विचारा कुणालाही. पण नकाशात मी हात घालत नाही. तो तुमच्या सहीने जातो. मागची ट्रेसिंगं पाहिलीत का?"

पाहिली नव्हती. लेख काढले, जाहिरात काढली, शाईचा रंग तपासला, चार दिवस एका बहिऱ्या माणसावर पाळत ठेवली. पण आमच्याच तळघरातला नकाशांचा खण उघडावा असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझे कान तापले.

नकाशाखाना तळघरात आहे. तिथे आमचे टाकवाले काका बसतात. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मंगळवारी आणि गुरुवारी येतात. अजून दौतीत बुडवायच्या टाकाने लिहितात, म्हणून टाकवाले. कॉम्प्युटर आल्यापासून त्यांना काम नाही, पण त्यांना येऊ नका म्हणायची कुणाची छाती नाही. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी खाली गेले तेव्हा त्यांनी एकेक चपटा खण ओढून या प्रदेशाची चार ट्रेसिंगं काढली आणि खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर ओळीने पसरली.

आमची पद्धत अशी: या प्रदेशाचा मोठा नकाशा दर दहाएक वर्षांनी निघतो. नवा नकाशा कोरा कागद घेऊन कुणी काढत नाही. मागचं ट्रेसिंग खाली ठेवायचं, वर नवा पारदर्शक कागद ठेवायचा आणि उतरवायचं. मग नवे रस्ते, नवे पूल भरायचे.

पहिल्या ट्रेसिंगवर पठारावर सात ठिपके होते. टाकवाल्यांच्या बारीक, सुरेख अक्षरात सात नावं. तिसरं नाव धाकटीच्या गावाचं.

दुसरं एकतीस वर्षांपूर्वीचं. त्यात पठारच नव्हतं. पठाराच्या जागी चौकट होती. रस्ता असा, रेल्वे अशी, पूल असा, खाण अशी, हे सांगणारी खुणांची चौकट.

"ही इथे कुणी ठेवली?"

"मीच," टाकवाले म्हणाले. "बाई, नकाशात सगळ्यात अवघड काय असतं सांगू? चौकट कुठे ठेवायची ते. समुद्र असला की प्रश्न मिटला. समुद्रात टाकायची, मासे तक्रार करत नाहीत. या नकाशाला समुद्र नाही. मग जिथे काही नाही तिथे ठेवायची."

"इथे सात गावं होती."

"होती की. आधीच्यात मीच लिहिली होती ना."

"मग काही नाही कसं म्हणता?"

ते जरा विचारात पडले. माझा प्रश्न त्यांना खरोखरच नवा होता. "असं बघा, खालच्या शहरावर ठेवली असती तर दुसऱ्या दिवशी माणसं दारात आली असती भांडायला. पठारावरून कोण येणार होतं?"

हे त्यांनी न लाजता सांगितलं, पण त्यात आकसही नव्हता. मला तिथे आकस सापडला असता तर बरं वाटलं असतं.

तिसरं ट्रेसिंग बावीस वर्षांपूर्वीचं. त्या वर्षी कागदाचा आकार मोठा झाला आणि चौकट उजवीकडे खाली समासात गेली. ती उचलल्यावर खाली जे राहिलं ते राहिलंच. कोरी, रिकामी जागा. चौथं नऊ वर्षांपूर्वीचं, म्हणजे याच तिसऱ्याचं कॉम्प्युटरवर घेतलेलं रूप. समितीच्या भिंतीवर तेच होतं.

"चौकट हलवल्यावर गावं परत का नाही घातलीत?"

"हा कागद माझा नाही. त्या वर्षी माझा हात मोडला होता. बाहेरून एक नकाशाकार बोलावला होता. त्याने मागच्यावर जे दिसलं ते उतरवलं. चौकटीखाली काय होतं हे त्याला कुठून कळणार?"

"पण तपासलं असेल ना कुणीतरी!"

प्रत्येक ट्रेसिंगच्या मागे एक चिठ्ठी डकवलेली असते. मी तो कागद उलटा केला. 'मागील कागदावरील नावे २१४. नव्या कागदावरील नावे २१४. एकेक ताडून पाहिले. अचूक.' खाली सही. नव्या नोकरीत माणूस जशी सही करतो, शेवटी एक ऐटबाज फराटा मारून, तशी. सही माझी होती. तारीख नऊ जून.

धाकटीचं लग्न त्याच वर्षी मार्चमध्ये झालं. मी तीन दिवस तिच्या गावात राहिले होते. तिच्या सासूबाईंनी मला आपली खाट दिली आणि स्वतः जमिनीवर झोपल्या. एका दुपारी धाकटीने मला गावभर हिंडवलं, हे दुकान, ही शाळा, ही विहीर. निघताना निम्मं गाव जीपपर्यंत पोचवायला आलं होतं आणि कुणीतरी माझ्या ओंजळीत बोरं ओतली होती. त्यानंतर तीन महिन्यांनी मी लाल पेन्सिल घेऊन याच टेबलाशी बसले. दोनशे चौदा नावांवर दोनशे चौदा खुणा केल्या. ते पठार पूर्ण वेळ माझ्या डोळ्यांसमोर रिकामं होतं. तेव्हा माझ्या मनात काय होतं तेसुद्धा मला आठवतं. हा माझा पहिला मोठा नकाशा आहे, यात एकही चूक राहता कामा नये, हे होतं.

टाकवाल्यांनी सही वाचली आणि चष्मा काढला. "पद्धतीप्रमाणे बरोबरच आहे बाई तुमचं," ते म्हणाले. "मागच्यात नव्हतं ते पुढच्यात कसं येणार?"

मला त्यांच्या त्या दिलाशाची किळस आली, आणि त्याहून जास्त माझी.

वर जाऊन मी ती चिठ्ठी संपादकांपुढे ठेवली. त्यांनी वाचली. मग मासिकाच्या कागदावर समितीला पत्र लिहिलं: 'आमच्या नकाशात पठारावरील सात गावे अनवधानाने वगळली गेली आहेत. दुरुस्ती पुढील अंकात प्रसिद्ध होईल.' सोबत पहिल्या ट्रेसिंगची प्रत जोडायला सांगितली.

"नाव घालायचं का?" त्यांनी विचारलं.

"आपली पद्धत नाही ना," मी म्हणाले.

"नाही," ते म्हणाले आणि पत्र पाकिटात घातलं. सत्तर वर्षांत आमच्या एकाही दुरुस्तीत माणसाचं नाव आलेलं नाही. मासिक चुकतं, माणूस चुकत नाही. या पद्धतीची मी मित्रमंडळींत थट्टा करायची. त्या दिवशी 'अनवधानाने' या शब्दाच्या आड मी अंग चोरून उभी राहिले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. संपादक माझ्याकडे बघत होते. ते मनात मला हसतायत, असा संशय मला तेव्हाही आला. खरं तर मी त्यांची माफी मागायला हवी होती. मी फक्त "येते" म्हणाले.

धाकटीला फोन केला.

"सापडली चूक. जुन्यावरून नवं उतरवताना झालीय. पत्र तयार आहे, मी येते तुझ्याबरोबर समितीत."

"कुणी केली?"

"जुनी गोष्ट आहे गं. आता कुणाचं नाव घ्यायचं?"

"त्या संपादकाचंच काम असणार. तू उगाच पाठीशी घालू नकोस त्याला."

मी गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे होच, असं तिने धरलं, आणि मी तिला धरू दिलं.

सव्विसाव्या दिवशी आम्ही दोघी समितीच्या सचिवांपुढे बसलो. लहानशी खोली, चारी भिंतींना फायली, आणि सचिवांच्या पाठीमागे चौकटीत घातलेला आमचा नकाशा. गृहस्थ सभ्य होते. पत्र वाचून त्यांना अवघडल्यासारखं झालं. "आमच्या वडिलांपासून येतं हो तुमचं मासिक घरी," ते म्हणाले. "त्यात अशी चूक म्हणजे कमालच."

मग त्यांनी पहिल्या ट्रेसिंगची प्रत उजेडात धरली. "ही चाळीस वर्षांपूर्वीची ना? तेव्हा गावं होती, ठीक. पण नंतरच्या तीन नकाशांत नाहीत. मधल्या काळात वस्ती उठून गेली असेल आणि आता पुन्हा आली असेल, असंही होतं डोंगरात. वस्ती नवी म्हटली की नियम बदलतो. दहा वर्षं थांबावं लागतं."

"उठून कुठे जाणार?" धाकटी म्हणाली. "बावीस वर्षं मी राहते तिथे!"

"बाई, तुम्ही अर्जदार. अर्जदाराचं स्वतःचं म्हणणं पुरावा म्हणून चालत नाही. आणि हे 'अनवधानाने' म्हणजे नेमकं काय ते पत्रात नाही. गावं असताना राहिली, की नव्हती म्हणून राहिली? त्या काळात गाव प्रत्यक्ष पाहिलेला बाहेरचा कुणी आहे का? त्याने लिहून दिलं तर मी आज पुढे पाठवतो."

धाकटीने सासूबाईंचं नाव घेतलं, त्या आता नाहीत. जीपवाल्याचं घेतलं, तो पठारावरचाच. तिचा आवाज बारीक होत चालला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, कारण माझ्याकडून काही मिळेल असं तिला वाटतच नव्हतं.

"मी पाहिलंय," मी म्हणाले. "बावीस वर्षांपूर्वी मार्चमध्ये. हिच्या लग्नाला तीन दिवस होते मी तिथे. तेव्हा शंभरावर घरं होती, शाळा होती, दुकान होतं."

"तुम्ही मासिकातल्याच ना? काय काम तुमच्याकडे?"

"तपासनीस. हा भिंतीवरचा ज्याच्यावरून काढलाय, तो नकाशा त्याच वर्षी जूनमध्ये मी तपासला. त्याच्यावर सही माझी आहे."

सचिवांनी पेन उचललं होतं, ते तसंच राहिलं. "म्हणजे मार्चमध्ये तुम्ही गाव पाहिलंत आणि जूनमध्ये ते नाही असं लिहून दिलंत?"

"हो."

"का?"

मला इतकी कारणं देता आली असती. पद्धत, चौकट, मोडलेला हात, दोनशे चौदा नावं. शेजारी धाकटी बसली होती. तिच्या बांगड्यांचा मघापासून होणारा आवाज थांबला होता.

"माझ्या लक्षातच आलं नाही," मी म्हणाले.

"तसंच लिहू?"

"तसंच लिहा."

त्यांनी लिहिलं, मला वाचून दाखवलं, मी सही केली. त्यांनी अर्जावर 'पात्र' असा शेरा मारला आणि धाकटीच्या हातात पोच दिली. नर्स आणि गाडी पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून, इमारतीचं नंतर बघू, असं ते म्हणाले. धाकटीने त्यांना नमस्कार केला. पोच दोनदा वाचली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली.

बसस्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. ती माझ्या पुढे चार पावलं होती. बाकावर बसल्यावर मी म्हणाले, "मी सांगणार होते तुला."

तिने मान हलवली.

"मला वाटायचं कुणीतरी डूख धरून आहे आमच्यावर. मूल गेलं तेव्हापासून वाटायचं. कोण ते माहीत नव्हतं, पण कुणीतरी असणार, मुद्दाम करत असणार. रोज शिव्या घालायचे मी त्याला. भाकरी थापताना घालायचे, घाट चढताना घालायचे."

"मग मला घाल. भांड माझ्याशी. मोठ्याने भांड."

"काय म्हणून भांडू, ताई?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मी तो शोधत होते. "तू काही केलंच नाहीस. तुला मी आठवले नाही, एवढंच."

बस लागली. तिने मला निरोपाचा हात केला, तब्येतीला जप म्हणाली आणि चढली. आत बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. ती पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली.